मोटारीचा पोळा

पोळ्याच्या तोरणाखाली मोटार उभी करायची कल्पना माझी नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. ती आमच्या शेजारच्या मारोतरावांची. पण अनसिंगात कोणालाही विचारा, तो माझंच नाव सांगेल आणि वर तोंडाला उपरणं लावून हसेल. कल्पना जमली की तिला दहा बाप होतात. फसली की ती इंद्रभानाची.

मूळ दुखणं सुरू झालं वाशिमला. तिथल्या एका बड्या वकिलाच्या मुलाचं लग्न होतं आणि मला पानसुपारीचं आमंत्रण होतं. मी कोट घातला, फेटा बांधला, दमणी जुंपली आणि ऐटीत फाटकाशी जाऊन उतरलो. माझी दमणी म्हणजे काही साधी बैलगाडी नव्हे. वर छत, खाली गादी, आणि पुढं चांद्या-बांड्याची जोडी. अशी जोडी अनसिंगापासून मालेगावापर्यंत दुसरी नव्हती. पण फाटकावरचा माणूस म्हणाला, "दमणी मांगं न्या जी, उकिरड्याकडे. समोर मोटारी उभ्या राह्यतेत."

मी म्हटलं, "अरे, मले आमंत्रण हाय."

"तुमाले हाय ना. बैलाइले थोडंच हाय?"

मी दमणी मागं नेऊन लावली. मी पान घेतलं, सुपारी घेतली, गुलाबपाणीही शिंपडून घेतलं, पण माझं सगळं लक्ष उकिरड्याकडे. परत येताना वाटभर चांद्या-बांड्याशी एक शब्द बोललो नाही. जणू अपमान त्यांनीच केला होता. आज आठवलं की वाईट वाटतं. त्या बिचाऱ्यांनी मला वेळेवर नेलं आणि वेळेवर घरी आणलं, आणि राग मात्र मी त्यांच्यावर धरला.

त्यानंतर महिन्याभरात कारंज्याच्या हिरालाल शेठनं नवी मोटार घेतली आणि जुनी मी घेतली. कापसाचे व्यापारी जुनी वस्तू अशा प्रेमानं देतात की घेणाऱ्यालाच उपकार झाल्यासारखं वाटतं. मोटारीला दोन दिवे होते, त्यातला एक लागत असे. भोंगा मात्र खणखणीत. ती घरी आली आणि पहिला प्रश्न उभा राहिला, तो जागेचा. आमच्या घरात मोटार मावेल अशी एकच जागा होती. गोठा.

गाई-म्हशी मागच्या पडवीत सरकल्या. चांद्या-बांड्या सरकण्यातले नव्हते. शेवटी मळेवाला जगदेव जोडी विकत न्यायला तयार झाला. नदीकाठी त्याची वांगी-मिरच्यांची बाग होती आणि पाणी ओढायच्या मोटेला बैल हवेच होते. माणूस चांगला, चारा मुबलक. मी घरात येऊन हे मोठ्या समाधानानं सांगितलं.

आमची मंडळी, आवडाबाई, चुलीपाशी होती. तिनं मान वर केली नाही. "बैल काय इकाची चीज हाय का?" ती म्हणाली. "या घरातून बैल गेले ते मेल्यावरच गेले. जितेपणी कोणी गेला नाई."

"गावातच तं हाय ते," मी म्हटलं.

"मंग तुमी बी जाऊन राहा जगदेवच्या मळ्यात. गावातच हाय."

जोडी जाताना तिनं कुंकू लावलं, भाकर चारली, आणि मग कित्येक दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली. मी ठरवलं, एकदा हिला मोटारीत बसवून फिरवली की रुसवा जाईल. त्यासाठी मोटार चालवता यायला हवी होती. ही अडचण मी आजवर लहान धरली होती.

वाशिमच्या रस्त्यावर भाड्याची मोटार चालवणारा रतनसिंग मला शिकवू लागला. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "देखो इंद्रभानजी, किलच दाबा, गेर टाका, किलच सोडा, रेस द्या. बस. यात अक्कल नाई लागत." अक्कल लागत नाही हे ऐकून मला फार धीर आला. पण त्या मोटारीचा गेर बदलताना किलच एकदा दाबून भागत नसे, दोनदा दाबावा लागे. एक पाय किलचवर, दुसरा एकदा रेसवर आणि एकदा बिरेकवर, एक हात चाकावर, एक हात दांड्यावर, आणि रतनसिंगच्या शिव्या डाव्या कानात. इतक्या ठिकाणी एकदम हजर राहणं मला जन्मात जमलेलं नाही. दमणीत मी एका हातानं पान खात असे.

थांबायची वेळ आली की माझी आणखी पंचाईत. माझे हात-पाय दमणीवर वाढलेले. समोर काही आलं की मी चाक छातीशी ओढायचो आणि ओरडायचो, "होऽ, होऽ, बापू." मोटार काही थांबत नसे. अशीच एकदा ती मारोतरावांच्या कडब्याच्या गंजीत शिरली आणि आत जाऊन बंद पडली. रतनसिंग पेंढ्या बाजूला करत बाहेर आला आणि म्हणाला, "बिरेक नावाची एक चीज असते जी."

मारोतराव बिचारे भले गृहस्थ. "गंजी आज ना उद्या सोडाचीच होती," म्हणाले, आणि त्या दिवसापासून माझं शिक्षण त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं. रोज सकाळी ओट्यावर दात घासत ते माझी मोटार ऐकत. गेर टाकताना खर्रकन आवाज होई. तो ऐकून एक दिवस ते गंभीरपणे म्हणाले, "दात खाऊन राह्यली."

"हो ना."

"दात खाते म्हंजे पोटात जंत हाय. आमच्या पोराले असंच होतं. वावडिंग देल्लं, तं साफ."

मी मोटारीला वावडिंग दिलं नाही. पण खरं सांगतो, एक दिवस मनात येऊन गेलं.

सगळ्यात वाईट होता मागचा गेर. तो लागायचाच नाही. मोटार गोठ्यात आनंदानं शिरे. बाहेर काढायची म्हणजे चार माणसं बोलवून ढकलावी लागे. रोज कोण येणार? मारोतरावांनी तोडगा काढला. "मागची भीत पाडा. इकडून घाला, तिकडून काढा." मला ते पटलं. आधी गव्हाण काढली, मग भिंत पाडली. गोठ्याला दोन तोंडं झाली. मोटार सुखानं आरपार जाऊ लागली. तिच्यामागून गावच्या शेळ्याही आरपार जाऊ लागल्या, कुत्री जाऊ लागली, आणि बाजाराला उशीर झालेली माणसंही "रामराम" करत आमच्या अंगणातून जाऊ लागली. चुलीपाशी बसलेल्या आमच्या मंडळीला प्रत्येकाला रामराम घालावा लागे. पावसाळा लागल्यावर पाणीही तिकडूनच आलं.

त्याच सुमाराला एकदा जगदेव भेटला. मी सहज जोडीची चौकशी केली. तो कौतुकानं म्हणाला, "लय गुणाची जोडी हाय मालक. मोटेवर कधी चालली नव्हती, पण पंधरा दिवसांत शिकली. आता मोट रिकामी झाली का आपल्या आपण मांगं सरकते."

माझ्या मोटारीला जो गेर लागला नाही, तो माझ्या बैलांना लागला होता. मी सरळ घरी आलो.

लायसनचंही एक प्रकरण झालं. जिल्ह्याच्या गावी गेलो, तर तिथला कारकून म्हणाला, "मोटार कुठं आहे?" म्हटलं, अनसिंगला. "मग आणा. चालवून दाखवा." म्हटलं, आणायला लायसन लागेल. "मग आधी लायसन काढा." म्हटलं, तेच काढायला आलो. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू गुंता मीच केला होता. मी परतीच्या गाडीत बसलो आणि लायसनचा विषय कायमचा सोडला.

होता होता श्रावण संपत आला आणि गावात मारुतीच्या पारावर विषय निघाला, की औंदा पोळ्यात पहिली जोडी कोणाची?

हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. पोळ्याच्या दिवशी गावचे सगळे बैल सजून तोरणाखाली येतात. सगळ्यांत पुढं मानाची जोडी. ती उभी राहिल्याशिवाय पूजा नाही, आणि ती निघाल्याशिवाय पोळा फुटत नाही. अनसिंगात हा मान आमच्या घराचा. आजोबांनी पटकीच्या सालात घरात दोन मढी असताना जोडी तोरणाखाली नेली होती. वडील अंथरुणाला खिळले त्या वर्षी बाजेवरून आले होते. आणि माझ्या काळात गोठ्यात जोडीच नव्हती. हा विचार मी वैशाखात केला नव्हता. वैशाखात पोळा फार लांब वाटतो.

मंडळीनं सरळ उपाय सांगितला. "जगदेवले एका दिसासाठी जोडी मांगा. तो नाई म्हननार नाई."

तो नाही म्हणणार नाही हे मलाही ठाऊक होतं. तेच तर दुखत होतं. आपणच घालवलेली जोडी मागायला मळ्यात जायचं, वांग्यांच्या वाफ्यात उभं राहायचं, आणि त्यानं "न्या ना मालक" म्हणायचं. मी म्हटलं, "मी मांगत नाई."

"तुमच्या मानापायी घराचा मान जाते," ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

तेव्हा मारोतरावांनी पारावर ती कल्पना काढली. "मोटार न्या तोरणाखाली. बैल कायले पायजे? बैलाचं काम करते ते बैल. झूल घाला, बाशिंग बांधा, उभी करा." पारावरच्या लोकांनी तंबाखू मळायला घेतली. मग एक म्हातारा म्हणाला, "पाहू. येते का तं पाहू." मी ती संमती धरली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सांजेला बैलांचे खांदे लोणी-हळदीनं मळतात आणि त्यांना उद्याचं जेवणाचं आवतण देतात. मंडळी लोण्याची वाटी घेऊन कुठंतरी निघून गेली होती. मी उरलेल्या लोण्यात हळद कालवली, दोन-तोंडी गोठ्यात गेलो, कोणी आरपार जात नाही हे पाहिलं, आणि मोटारीच्या पुढच्या दोन्ही चाकांवरच्या पत्र्याला ती चोळली. मग हळूच म्हटलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." मोटार काही बोलली नाही. बैलही बोलत नाहीत, पण निदान कान हलवतात. मला एकदम फार एकटं वाटलं.

सकाळी पाहतो तर मोटारीत पेट्रोल जेमतेम. तोरण घरापासून हाकेच्या अंतरावर, तेवढ्याला ते पुरलं असतं, पण पोळ्याला बैल कोणी उपाशी नेत नाही. रतनसिंगला निरोप धाडला तर त्याचं उत्तर आलं, "माझ्या घरी बी बैल हाय. आज मी कोनाचा डायवर नाई." तळाशी होतं नव्हतं त्यावर मी एकटाच वाशिमला गेलो. जाताना नाला ओलांडला, काही झालं नाही. पेट्रोल भरलं, झेंडूच्या माळा घेतल्या, भोंगा वाजवत परत निघालो. आयुष्यात पहिल्यांदा मी एकटा मोटार चालवत होतो आणि ती चालत होती. त्या अर्ध्या तासाचं सुख मी नाकारत नाही.

नाल्यावर आलो तर नाला बैलांनी भरलेला. सगळा गाव बैल धूत होता. मधून वाट काढायला मी जरा बाजूनं घातली आणि काळ्या मातीनं मोटार धरली. रेस दिली, चाकं आणखी खाली गेली. मागं घ्यावी म्हणून मागचा गेर टाकला. तो लागला नाही. त्याच्याऐवजी पुढचा लागला, आणि मोटार गचकन डोहात उतरून बंद पडली. पाणी दारातून आत आलं आणि माझ्या पायाशी झेंडू तरंगू लागले.

लोक धावून आले. आपली माणसं मनानं वाईट नाहीत. वीस-पंचवीस जणांनी खांदा लावला. मोटार हलली नाही, चारजण मात्र चिखलात बसले. मी म्हटलं, "अरे, एवढे बैल हाय. दोन जोड्या जुंपा ना."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मारोतराव आपल्या बैलाच्या पाठीवर पाणी टाकत होते, ते थांबले. "इंद्रभानजी," ते म्हणाले, "आज पोळा हाय."

मी स्वतः मानकऱ्याच्या घरचा. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, हे मला दुसऱ्यानं सांगावं. माझ्याभोवती शंभरेक बैल उभे होते आणि त्यांतला एकही माझ्या कामाचा नव्हता. लोकांनाही माझी दया आली. जुंपता येत नाही, तर निदान धुऊन देऊ म्हणाले. पेंढीचे बोळे घेऊन त्यांनी माझी मोटार डोहात उभी असतानाच स्वच्छ घासली. एकानं तर शिंगं सापडत नाहीत म्हणून दिव्यांना हिंगूळ लावला.

तेवढ्यात पलीकडच्या काठाला जगदेव चांद्या-बांड्याला घेऊन उतरला. अंगानं भरले होते. मला त्यांना हाक मारावीशी वाटली, पण इतक्या लोकांत लाज वाटली, म्हणून मी भोंगा वाजवला. दोघं बुजले, दावं ओढून काठावर चढले आणि वळूनही न पाहता गेले. भोंग्याचा आवाज त्यांनी माझा म्हणून ओळखावा, अशी माझी का अपेक्षा होती कोण जाणे.

ऊन कललं. सगळे आपापले बैल घेऊन सजवायला गेले. मी बराच वेळ मोटारीत बसून राहिलो. शेवटी मोटार फिरवून सुरू करायचं हँडल काढून घेतलं, कारण चोरी जाण्याजोगं तेवढंच होतं, आणि चिखलानं माखलेला चालत गावात आलो.

तोरणाशी डफडी वाजत होती. मी गर्दीच्या मागं उभा राहिलो, जिथं बैल नसलेली माणसं उभी राहतात. टाचा उंच करून पाहिलं. तोरणाखाली पहिल्या जागी जोडी उभी होती. पाठीवर आमच्या घरची झूल, गळ्यात आमच्या घागरमाळा, कपाळाला आमच्या पेटीतली बाशिंगं. कासरा जगदेवच्या हातात.

मारोतराव गर्दीतून माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "पंचाइनं ठरवलं. मान जोडीचा असते, ते कोनाच्या दाव्याले हाय त्याचा नाई. आवडाबाईनं सामान धाडलं. कालचं आवतण बी तिनंच देल्लं, मळ्यात जाऊन."

तेव्हा मला लोण्याची वाटी कुठं गेली ते कळलं.

पोळ्यात बैलांपुढं झडत्या म्हणतात. एक पोरगेला शेतकरी पुढं झाला आणि खड्या आवाजात म्हणाला:

"मानाचा धनी निघाला मोटारीत बसूनी,
मोटार प्याली नाल्याचं पानी, धनी आला अनवानी."

सगळा गाव हसला. मी पायांकडे पाहिलं. जोडे खरंच चिखलात राहिले होते.

पोळा फुटल्यावर जगदेवनं जोडी आधी आमच्याच दारी आणली. मंडळीनं त्यांचे पाय धुतले, ओवाळलं, पुरणपोळी चारली. मी ओसरीवर हँडल घेऊन बसलो होतो. ती ताट घेऊन माझ्यासमोरून गेली, थांबली, आणि म्हणाली, "पाय धुवा. चिखल आनला घरात." रुसवा गेला होता. पण त्यात मी काही केलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कर, त्याही दिवशी जू नाही. तिसऱ्या दिवशी जगदेव न सांगता आला. त्यानं चांद्या-बांड्याला दोरानं मोटारीला जुंपलं आणि त्यांनी एका हिसक्यात ती डोहातून काढली. मी आत चाक धरून बसलो. अख्ख्या गावातून आम्ही निघालो. गेर नाही, किलच नाही, दात खाणं नाही. इतकी सरळ मोटार मी कधी चालवली नव्हती. एका वळणावर समोर शेळी आली आणि सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "होऽ बापू." आणि मोटार थांबली. दोघं जागच्या जागी उभे राहिले होते.

घर आलं. जगदेवनं दोर सोडला, मोटार ढकलून गोठ्यात घातली आणि जोडीला मळ्याकडे वळवलं. ती वळेना. दोघं गोठ्याच्या तोंडाशी उभे राहिले आणि आत पाहू लागले, जिथं गव्हाण होती तिथं. जगदेवनं कासरा ओढला, पाठ थोपटली, जिभेनं चुकचुक केलं. चांद्यानं पुढचा एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला. आत मोटार होती. पुढं जागा नव्हती. तो तसाच पाय आत ठेवून उभा राहिला.

जगदेव घाम पुसत मला म्हणाला, "मालक, तुमीच सांगा त्याइले. मायं नाई आयकत."

मी मोटारीतून उतरलो. मंडळी दारात येऊन उभी होती. मी चांद्याच्या पाठीवर हात ठेवला. मग त्यांना म्हटलं, "चल बापू. चल. मांगं."

दोघं दोन पावलं मागं सरकले, वळले, आणि माझ्या शब्दावर जगदेवच्या घरी गेले.